घड्याळे कोणाची होती?

डिसेंबर १९४१. क्रिमियातल्या सिम्फेरोपोल शहराबाहेर, खंदकांपाशी, हजारो ज्यूंना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांत बायका होत्या, म्हातारे होते, कडेवरची पोरे होती. गोळ्या झाडल्या नाझींच्या एसएस संघटनेच्या मारेकरी पथकाने. ट्रक आणि पेट्रोल पुरवले जर्मनीच्या अकराव्या आर्मीने. पुढे याच आर्मीने मेलेल्यांची जमा झालेली घड्याळे मागितली आणि तिला ती मिळाली. या आर्मीचा सेनापती होता एरिक फॉन मानश्टाइन.

मानश्टाइनच्या बुद्धीबद्दल वाद नाही. १९४० साली आर्देनच्या जंगलातून रणगाडे घुसवून फ्रान्सला गुडघे टेकायला लावणारी कल्पना त्याची. जुलै १९४२ मध्ये त्याने क्रिमियातलेच सेवास्तोपोल घेतले आणि तो फील्ड मार्शल झाला. पण युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात तो साक्षीसाठी उभा राहिला, तेव्हा २० नोव्हेंबर १९४१ चा त्याच्याच सहीचा हुकूम त्याच्यापुढे ठेवण्यात आला. ज्यू-बोल्शेविक व्यवस्था कायमची नेस्तनाबूत करा, असे त्यात सैनिकांना बजावलेले होते. हा हुकूम आपल्याला आठवतच नाही, असे त्याने सांगितले.

१९४९ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयात, हॅम्बुर्गला, त्याच्यावर खटला चालला. बचावाच्या निधीला खुद्द चर्चिल यांनी पंचवीस पौंड दिले. मजूर पक्षाचे खासदार रेजिनल्ड पॅजेट यांनी फी न घेता वकीलपत्र घेतले. सतरा आरोपांपैकी नऊ सिद्ध झाले. ज्यूंच्या हत्येच्या थेट आरोपांतून तो सुटला. नागरिकांच्या जिवाचे रक्षण न करणे, युद्धकैद्यांचे हाल, माघार घेताना मुलूख उजाड करणे, हे गुन्हे मात्र त्याच्या माथी राहिले. शिक्षा अठरा वर्षांची झाली, ती बारावर आली आणि १९५३ मध्ये तो सुटलादेखील. शीतयुद्ध तापले होते, पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य उभारायचे होते. त्या सैन्याच्या उभारणीत पुढे त्याचा सल्लाही घेतला गेला.

१९५५ मध्ये त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. हातून निसटलेल्या विजयांचा दोष त्यांत हिटलरच्या पदरी आहे. सिम्फेरोपोलच्या खंदकांना त्यांत जागा मिळाली नाही. ‘गुन्हे एसएसने केले, सैन्य स्वच्छ राहिले’ हा समज अशाच पुस्तकांनी पोसला आणि जगभरच्या वाचकांनी तो पिढ्यान् पिढ्या खरा मानला.

सेनापतीला पेट्रोलचा हिशेब ठेवावाच लागतो. त्यावर त्याची लढाई चालते. तेच पेट्रोल खंदकाकडे माणसे वाहून नेणाऱ्या ट्रकमध्ये पडले, तर त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागेल. पराक्रमाचे श्रेय सेनापतीचे असेल, तर त्याच्या अमलाखाली झालेल्या कत्तलीचे पापही त्याचेच. मानश्टाइनच्या चाली सैनिकी विद्यालयांत शिकवल्या जातात, त्या जरूर शिकवाव्यात. मात्र ज्या नकाशावर सेवास्तोपोलचा वेढा दाखवला जातो, त्याच नकाशावर सिम्फेरोपोलवरही बोट ठेवले पाहिजे आणि ती घड्याळे कोणाच्या मनगटावरची होती, हे तरुण अधिकाऱ्यांना सांगितले पाहिजे.