पहिल्या चाचणीचा भार कोणावर?

कर्करोगावरील नव्या औषधयोजनेची पहिली चाचणी रोग बरा होतो की नाही, हे ठरविण्यासाठी नसते. ती योजना माणसाला कितपत सोसते आणि मात्रा कोठे थांबवावी, हा तिचा मुख्य प्रश्न असतो. थोड्या रुग्णांना लहान मात्रा द्यावयाची, वारंवार रक्त तपासावयाचे आणि मगच पुढच्यांची मात्रा वाढवावयाची, असा तिचा क्रम. प्रचलित उपचार थकल्यावरच बहुधा रुग्ण तेथे येतो. ज्ञानाचा लाभ मुख्यतः उद्याच्या रुग्णांना. धोका मात्र आजच्याला.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मुखाच्या कर्करोगावर मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब ही तीन औषधे एकत्र, तोंडावाटे देऊन पाहिली. प्लॅटिनमयुक्त औषधे निष्प्रभ ठरलेलेच हे रुग्ण होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात अवघे १५ जण होते. त्यांच्यावरून मेथोट्रेक्झेटची मात्रा ठरली आणि दुसऱ्या टप्प्यात ७६ जणांना ती योजना मिळाली. तिन्ही औषधे जुनी. जुन्या गोळीत नवा नफा नसल्यामुळे कंपन्यांना अशा प्रयोगाची ओढ नसते; तो सार्वजनिक संस्थेलाच करावा लागतो.

रायगडच्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, आणि सुपारी कर्करोगजनक असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचा निर्वाळाही आता जुना झाला. (बागायतदाराला पर्यायी पीक कोणते, हे मात्र कोणी सांगत नाही.) टाटा केंद्राचे खारघरचे संशोधन केंद्र याच जिल्ह्यात आहे, पण श्रीवर्धनहून तेथे जाऊन परतण्यात दिवस मोडतो. गोळी घरी घेता येते हे खरे. रक्ततपासणी घरी होत नाही. होडीवरच्या खलाशाची किंवा वाडीतल्या गड्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि सोबत आलेल्या मुलाचीही.

चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई २०१९ च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केली आहे. प्रवासखर्च व मोडलेला वेळ यांविषयी मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे ‘देता येईल’ एवढ्यावर थांबतात. पैशाच्या आमिषाने गरीब माणूस धोका पत्करील, ही भीती त्यामागे आहे. ती अनाठायी नाही. परंतु आमिष आणि नुकसानभरपाई यांत भेद आहे. तिकिटाचे पैसे व बुडालेला रोज परत मिळाल्याने कोणी श्रीमंत होत नाही. तो फक्त घरून निघाला तेव्हा होता तेथेच राहतो. उलट, हा खर्च रुग्णावर टाकला की ज्यांना तो झेपतो तेच चाचणीत टिकतात, आणि निघणारी सुरक्षित मात्रा धडधाकट पोसलेल्या शरीरांवरून ठरते. अर्धपोटी रुग्णाला ती सोसेल की नाही, हे मग चाचणी संपल्यावर कळते.

तेव्हा ‘देता येईल’ च्या जागी ‘द्यावे’ असा पालट व्हावा, आणि चाचणीच्या अंदाजपत्रकात औषधाइतकेच निश्चित कलम रुग्णाच्या व सोबत्याच्या रोजासाठी असावे. नीतिसमितीने ते कलम पाहिल्याशिवाय चाचणीला संमती देऊ नये.