तुरटी पाण्याची, वाइनची नव्हे

फळांची वाइन घरी केली आणि ती गढूळ राहिली, तर तीत तुरटी फिरवा. निवळीचं बी उगाळून टाका. तेही नसेल तर शेतातली काळी माती कालवून रात्रभर ठेवा. आपल्या आज्या पावसाळ्यातलं नदीचं पाणी असंच निवळवत होत्या, मग या परदेशी पावडरी हव्यात कशाला? असा उपदेश करणारी एक पुस्तिका सध्या यवतमाळात हातोहात फिरते आहे आणि तिचे कर्ते गावोगावच्या व्याख्यानांतही तेच सांगतात. त्यांचं सगळं म्हणणं तीन वाक्यांत मावतं: निवळणं ही एकच क्रिया आहे, ती आपल्याला हजारो वर्षांपासून येते आणि बाजारात मिळतं ते सगळं केमिकल. टाळ्या तिसऱ्या वाक्याला पडतात. माझ्या मते पहिलं वाक्य चूक, दुसरं अर्धवट आणि तिसरं घातक आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. पुस्तिकेत याबद्दल चकार शब्द नाही, हीच मुळात बेजबाबदारी आहे. पण वाचणारे सगळे इथलेच नाहीत. पुसद, वणी, दारव्ह्याची पोरं आज अमेरिकेत आहेत. तिथल्या केंद्रीय कायद्यानं एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन वाइन स्वतःपुरती करता येते, विकता येत नाही. ती पोरं पीच, प्लम, सफरचंदाची वाइन करतात, ती गढूळ राहिली की घरी फोन लावतात आणि घरचे पुस्तिका उघडून तुरटी सांगतात. इकडे जांभळाचा रस आणि सिरका करणाऱ्यांच्या हातीही तीच पुस्तिका आहे. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

तुरटीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्या उपदेशाचा पाया तोच आहे आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. तुरटी पाणी कशी निवळवते? तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. आपल्या विहिरीचं किंवा नदीचं पाणी थोडंसं अल्कधर्मी असतं. त्यात तुरटी विरघळली की ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड तयार होतं आणि त्याचे कापसाच्या पेळूसारखे पांढरे, भुसभुशीत पुंजके बनतात. मातीचे कण त्यांत अडकतात आणि पुंजक्यांबरोबर तळाशी जातात. म्हणजे निवळवण्याचं काम हे पुंजके करतात, आणि ते तयार व्हायला पाण्याचा पीएच साधारण सहा ते साडेसातच्या आसपास लागतो.

फळांच्या वाइनचा पीएच असतो तीन ते चार. एवढ्या आंबट द्रवात हे हायड्रॉक्साइड साकळतच नाही. ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं आणि वाइनबरोबर सरळ पिणाऱ्याच्या पोटात जातं. गढूळपणा जिथल्या तिथं, वर जिभेला तुरट चव. व्याख्यात्यांना हे पटत नसेल तर दोन काचेचे पेले घ्यावेत. दोन्हींत विहिरीचं स्वच्छ पाणी भरावं, एकात अख्खं लिंबू पिळून गाळून घालावं आणि दोन्हींत तुरटीची चिमूटभर पूड ढवळावी. साध्या पाण्यात थोड्याच वेळात पांढरे धागे तरंगू लागतात, मग हळूहळू खाली बसतात. लिंबाच्या पाण्यात काहीही होत नाही. हा प्रयोग सातवीतली मुलगी करू शकते. पुस्तिका छापण्याआधी तो करायला काय हरकत होती?

याच जिल्ह्यात तुरटीचा एक मोठा धडा उपलब्ध होता. पांढरकवड्याच्या बाजूच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी शुद्ध करण्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, म्हणजे नीरीनं, नलगोंडा पद्धत विकसित केली. तीत तुरटी आहेच, पण सोबत चुनाही आहे. चुना कशाला? तुरटी पाण्याला आंबट करते आणि पाणी फार आंबट झालं की तिचं कामच थांबतं. पाण्यासारख्या पाण्यात जिला चुन्याची साथ लागते, तिच्याकडून वाइनमध्ये एकटीनं काम होण्याची अपेक्षा ठेवायची? बरं, वाइनमध्येही चुना घालू म्हणाल, तर जांभळाच्या वाइनमध्ये घालून पाहा. लाल रंग निळा पडतो, आंबटपणा जातो आणि आंबटपणाबरोबर वाइनचं टिकणंही जातं. फ्रेडरिक आकुम यांनी १८२० साली लंडनमध्ये भेसळीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा वाइनचा रंग उजळ दिसावा म्हणून घातलेली तुरटी त्यांनी भेसळीत धरली होती. दोनशे वर्षांपूर्वीची ती भेसळ आज आपल्याकडे परंपरा म्हणून शिकवली जाते आहे.

परंपरेचंच म्हणाल, तर ती तरी नीट वाचावी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाणी निवळवणारी सात द्रव्यं दिली आहेत आणि त्यांत कतक, म्हणजे निवळी, आहे. पण ते प्रकरण पाण्याचं आहे. आसव-अरिष्टांचं शास्त्र वेगळं: धायटीची फुलं, गूळ, मध, भांडं बंद करून ठेवणं, मग गाळणं. ज्यांनी ही दोन प्रकरणं वेगळी ठेवली, त्यांना फरक कळत होता. कतकाच्या नुसत्या नामोच्चारानं पाणी निवळत नाही, हा दृष्टांतही जुन्या ग्रंथांतलाच आहे. शिवाय निवळीच्याच कुळात विषारी कुचला येतो. ओळख पटल्याशिवाय मोकळं बी आणून खाण्यापिण्यात उगाळायला सांगणं हे धाडस दुसऱ्याच्या जिवावरचं आहे.

काळ्या मातीची गोष्ट त्यांनी अभिमानानं सांगितली आहे आणि तिच्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ती जास्त फसवी आहे. वाइन निवळवायला जगभर बेंटोनाइट नावाची माती वापरतात. आपल्याकडे ती कच्छात आणि बाडमेरात निघते. तिच्यातलं मुख्य खनिज आणि बेसॉल्ट झिजून बनलेल्या आपल्या कपाशीच्या काळ्या मातीतलं खनिज एकाच घराण्याचं आहे, हे खरं. पण शेतातल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. ते आंबट वाइनमध्ये फसफसतात आणि आंबटपणा खातात. तीत शेणखत आहे, जंतू आहेत आणि वर्षानुवर्षांची फवारणी आहे. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या शिवारातली माती पेयात कालवा, असं यवतमाळात उभं राहून सांगवतं तरी कसं?

मोहाची दारू आरशासारखी स्वच्छ असते, तीत कुठली पावडर पडते, हा त्यांचा आवडता सवाल. ती भट्टीवर वाफ करून थंड केलेली असते. गढूळ ते भांड्यातच राहतं. वाइन गाळतात, ती भट्टीवर चढत नाही. या मुद्द्याला एवढंच उत्तर पुरे.

केमिकल या शब्दावरून पूर्वी गुळाच्या बाबतीतही असाच वाद झाला होता. उसाचा रस उकळताना भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. मळी वर येते आणि ती काढून टाकतात. हे निवळवणं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस घालतात. हे रंग उडवणं. पहिल्यानं घाण बाहेर जाते, दुसऱ्यानं फक्त डोळ्यांची फसवणूक होते. तेव्हाही काही वक्त्यांनी दोन्ही एकाच पारड्यात टाकली आणि गिऱ्हाईक पिवळ्या गुळामागेच धावत राहिलं. फरक शिकवण्याऐवजी भीती शिकवली की याहून वेगळं काय होणार? आज तीच चूक वाइनच्या बाबतीत होते आहे.

मूळ प्रश्न हा की फळांची वाइन गढूळ का राहते. पाण्यात गढूळपणा बहुतेक मातीचा असतो. वाइनमध्ये तो चार प्रकारचा असू शकतो: यीस्टचा, प्रथिनांचा, पिष्टाचा, आणि बहुतेक वेळा पेक्टिनचा. संत्रं, पेरू, जांभूळ, सफरचंद या फळांत पेक्टिन भरपूर. मुरांबा आणि जेली घट्ट होते ती त्याच्याच जोरावर. पेक्टिन स्वतः तरंगत राहतंच, बाकीच्या कणांनाही खाली बसू देत नाही. पुस्तिकेतली कृती काय म्हणते? फळं आधी दहा मिनिटं उकळा. उकळलं की पेक्टिन सालीतून, गरातून सुटून रसात उतरतं. म्हणजे गढूळपणा यांनीच घालायचा आणि मग तो काढायला तुरटी सांगायची.

माझं म्हणणं साधं आहे. कशानं गढूळ झालंय हे कळल्याशिवाय निवळवायचं द्रव्य निवडता येत नाही. पेक्टिन ओळखायला चमचाभर वाइन चार चमचे स्पिरिटमध्ये घालून हलवावी आणि थोडा वेळ ठेवावी. जेलीसारखे धागे किंवा गोळे दिसले तर पेक्टिन आहे. ते मिश्रण फेकून द्यावं, पिऊ नये. पिष्टाचा संशय असेल तर आयोडीनचा थेंब निळा होऊन सांगतो.

उपायही फार नाहीत. फळ उकळू नये, कुस्करावं. कुस्करतानाच पेक्टिनेज घालावं. हे बुरशीपासून मिळणारं विकर पेक्टिनचे तुकडे करतं, पण अल्कोहोल वाढलं की त्याचा जोर कमी होतो, म्हणून ते सुरुवातीलाच हवं. फसफसणं थांबलं की गाळावरची वाइन नळीनं अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यावी, काठोकाठ भरावी आणि थंड जागी काही आठवडे तशीच राहू द्यावी. यीस्टचा गढूळपणा बहुधा एवढ्यानंच जातो. प्रथिनांचा उरला तर खाण्याच्या दर्जाचं बेंटोनाइट गरम पाण्यात एक दिवस फुगवून लिटरला साधारण अर्धा ग्रॅम, तेही आधी छोट्या बाटलीत करून पाहून. आंबट वाइनमध्ये प्रथिनांवर धन भार असतो, बेंटोनाइटवर ऋण. दोन्ही एकमेकांना धरून खाली बसतात. जिलेटिन आणि माशांच्या पोटातल्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास हे प्राण्यांपासूनचं असतं, ही व्याख्यात्यांची तक्रार रास्त आहे. शाकाहारी घरानं ती टाळावीत. पण त्या तक्रारीतून तुरटी निर्दोष ठरत नाही.

आणि एवढं करूनही किंचित धूसरपणा राहिला, तर राहू द्यावा. चव चांगली असेल, वास स्वच्छ असेल, तर त्या धूसरपणानं कुणाचं काही बिघडत नाही. पोटात ॲल्युमिनियम आणि शेतातली माती जाण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

आपल्या आज्यांचं ज्ञान मी खोटं म्हणत नाही. अडाण, अरुणावती, पैनगंगेचं पुराचं पाणी त्यांनी तुरटीनं निवळवलं आणि घरं जगवली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, जे निवळलं ते ठेवलं, जे निवळलं नाही ते सोडलं. त्यांच्या नावानं बोलणाऱ्यानं निदान तेवढं तरी करावं. पुढच्या व्याख्यानाला टेबलावर दोन पेले, एक लिंबू आणि तुरटीची पूड ठेवावी आणि सगळ्यांसमोर ढवळून दाखवावं. लिंबाच्या पाण्यात पुंजके बसले तर मी हा लेख मागे घेईन. नाही बसले, तर पुस्तिकेची पुढची आवृत्ती काढू नये आणि जी वाटली गेली आहे ती चूक होती, हे जिथं टाळ्या घेतल्या त्याच गावांत जाऊन सांगावं.