भास्करराम कोल्हटकर आणि बंगाल : अभिमानाआड दडवलेले १७४२

१/ बंगालमध्ये तान्ह्या मुलाला निजवताना ‘बर्गी’ आल्याचे सांगणारी एक अंगाई आजही गायिली जाते. हा बर्गी शब्द आपलाच. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. मराठी लष्करातील ही साधी संज्ञा पावणेतीनशेहून अधिक वर्षे दुसऱ्या एका भाषेत भयाचे नाव होऊन राहिली आहे. हे कसे घडले, हे आपणच आपल्याला विचारायला हवे.

२/ हा धागा नागपूरकर भोसल्यांचे दिवाण व सेनानी भास्करराम कोल्हटकर यांच्याविषयी आहे. त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात : त्यांनी बंगाल हादरवला, आणि अलीवर्दीखानाने त्यांना दग्याने मारले. दोन्ही खऱ्या आहेत. मात्र या दोहोंच्या मध्ये बंगालच्या रयतेचे काय झाले, हे प्रकरण सफाईने गाळले जाते. माझे भांडण त्या गाळण्याशी आहे.

३/ आधी पार्श्वभूमी. १७४० साली गिरियाच्या लढाईत सर्फराजखानाला मारून अलीवर्दीने बंगालची सुभेदारी बळकावली. पाठोपाठ ओडिशातून सर्फराजच्या मेहुण्यालाही हुसकावले. या पराभूत पक्षात मीर हबीब नावाचा मूळचा इराणी, अतिशय कर्तबगार कारभारी होता. इकडे रघूजी भोसल्यांना पूर्वेच्या सुभ्यांवर चौथाईचा हक्क बजावायचा होता. निमित्त तयार होते. पुढे मीर हबीबच्या रूपाने वाटाड्याही मिळाला.

४/ १७४२ च्या वसंतात भास्करराम डोंगराळ वाटेने बंगालात उतरले. ओडिशाहून परतणाऱ्या अलीवर्दीला त्यांनी एप्रिलमध्ये बरद्वानजवळ गाठले, वेढले आणि त्याची रसद तोडली. बंगालचा सुभेदार उपाशी फौजेसह कोंडला गेला. सेनानी म्हणून ही कामगिरी अव्वल दर्जाची होती, यात शंका नाही.

५/ पण पुढे काय झाले? प्रथम मागणी दहा लाखांची होती आणि ती अलीवर्दीने फेटाळली. अडचणीत सापडल्यावर तो पैसा देण्यास राजी झाला, तेव्हा मागणी एक कोट रुपये आणि सगळे हत्ती इथवर चढली. बोलणे फिसकटले, अलीवर्दी लढत लढत काटव्याकडे निसटला. पदरात पडू पाहणारा तह हावेपायी घालवला गेला. सेनानीच्या राजकीय शहाणपणाची ही पहिली परीक्षा होती आणि तीत तो नापास झाला.

६/ मे महिन्यात मीर हबीबच्या सल्ल्याने मुर्शिदाबादवर छापा पडला व जगतशेठची पेढी लुटली गेली. त्यानंतर काटव्यास तळ पडला, हुगळी हाती आली आणि भागीरथीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख मराठी फौजेच्या ताब्यात राहिला. लढाई थांबली होती. आता वसुली सुरू झाली, आणि खरा प्रश्न इथेच उभा राहतो.

७/ या महिन्यांचे चित्र गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात रेखाटले आहे. रचना १७५१ च्या सुमाराची, म्हणजे आठवण ताजी असतानाची. पोथ्या घेऊन पळणारे ब्राह्मण, तराजू घेऊन पळणारे सोनार, पेटलेली गावे, पैशासाठी कापलेले हात आणि नाक, स्त्रियांवरील अत्याचार : हे सारे त्यात नावानिशी, गावानिशी येते.

८/ “शत्रूचा अपप्रचार!” हे उत्तर लगेच येईल. मित्रहो, काव्याची मांडणी पाहा. गंगाराम आरंभी मराठ्यांच्या बाजूने उभा आहे! बंगालमध्ये पाप वाढले म्हणून ते निवारण्यासाठी शिवाच्या इच्छेने शाहूंचे सैन्य आले, अशी त्याची कल्पना. पुढे याच सैन्याने ब्राह्मणांना व स्त्रियांना छळले, तेव्हा देवी त्याच्यावर उलटली. ज्याने आपल्याला देवाचे दूत मानले, त्याचीच ही साक्ष आहे.

९/ दुसरा साक्षीदार वाणेश्वर विद्यालंकार. बरद्वानच्या राजाचा आश्रित, संस्कृत पंडित. त्याच्या ‘चित्रचंपू’ या १७४४ च्या ग्रंथात शाहूंच्या सैन्याचे वर्णन गर्भवती, बालके, ब्राह्मण व दीनदुबळ्यांचा घात करणारे असे येते. एक बंगालीत, एक संस्कृतात. दोघेही हिंदू, दोघेही समकालीन. ‘केवळ फारसी बखरकारांनी रंगवले’ हा बचाव येथे कोसळतो.

१०/ दुसरा बचाव : “ते मराठे नव्हतेच, मीर हबीबचे भाडोत्री आणि भुरटे होते.” फौजेत नाना जातीधर्मांचे लोक होते, हे मान्य. अठराव्या शतकातील कोणत्या फौजेत नव्हते? पण निशाण कोणाचे होते? वसुली कोणाच्या नावाने होत होती? विजयाचे श्रेय भास्कररामांना द्यायचे आणि जळलेली गावे मीर हबीबच्या खात्यावर टाकायची, हा हिशेब इतिहासात चालत नाही.

११/ तिसरा बचाव : “हे धर्मयुद्ध होते.” मग मीर हबीब भास्कररामांचा उजवा हात कसा? आणि १७४३ चे काय? त्या वर्षी रघूजी स्वतः बंगालात आले, तेव्हा त्यांना रोखण्यासाठी पेशवे बाळाजी बाजीरावही तिकडे उतरले. त्यांनी अलीवर्दीशी हातमिळवणी केली, बावीस लाख रुपये व चौथाईचे वचन घेतले आणि रघूजींना पिटाळले. पुढे शाहूंनी दोघांचे वसुलीचे प्रदेश वाटून दिले. ही लढाई महसुलाची होती. तिला धर्माचे वस्त्र आपण नंतर नेसवले.

१२/ चौथा बचाव सर्वांत जुना : “त्या काळी सगळेच तसे वागत.” बहुतेक वागत, हे खरे. पण आपल्याकडे मापदंड नव्हता असे नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. रयतेकडून दाणा, गवत, सरपण, भाजी जबरीने घेऊ नका. घ्याल तर कुणबी गाव सोडतील आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणतील, असा त्याचा आशय.

१३/ हे पत्र आपण दर शिवजयंतीला अभिमानाने सर्वांना पाठवतो. ते पत्र केवळ स्वराज्यातील रयतेपुरते होते, परमुलखात लूट हा रिवाजच होता, असे कोणी म्हणेल. पण भास्कररामांचा दावाच मुळी बंगालच्या चौथाईवर होता. ज्या मुलखाचा चौथा हिस्सा दरवर्षी न्यायचा, तो मुलूख पहिल्याच वर्षी जाळला, तर पुढील चौथाई कोण पिकवणार? नीती क्षणभर बाजूला ठेवा. हा साधा व्यवहारही चुकला.

१४/ विरुद्ध बाजूच्या अतिशयोक्तीलाही मी भुलत नाही. चार लाख माणसे मारली गेल्याचा आकडा समाजमाध्यमांवर फिरतो. तो एका डच व्यापारी अहवालातील अंदाज आहे. कोणी मोजदाद केलेली नव्हती. मराठ्यांना केवळ लुटारू ठरवू पाहणारे तो आकडा ब्रह्मवाक्यासारखा मिरवतात. तो बाजूला ठेवला तरी गंगाराम आणि वाणेश्वर उरतातच. आकडा फुगीर असू शकतो म्हणून घटना खोटी ठरत नाही.

१५/ सप्टेंबर १७४२. भास्कररामांनी काटव्याजवळ दाईहाट येथे दुर्गापूजा थाटात मांडली. तिचा खर्च जमीनदारांकडून उभा केला. पूजा ऐन रंगात असताना अलीवर्दी रातोरात नदी ओलांडून आला. तळ उधळला आणि डिसेंबरपर्यंत मराठी फौज चिल्का सरोवरापलीकडे रेटली गेली. ज्या मुलखाने आपली पूजा स्वीकारावी असे वाटत होते, त्या मुलखाची मने आधीच गमावलेली होती.

१६/ १७४४ मध्ये भास्करराम पुन्हा आले. अलीवर्दीने तहाची बोलणी लावली, मध्यस्थांकरवी शपथा दिल्या आणि ३१ मार्च रोजी मानकरा येथील भेटीच्या तंबूत त्यांना वीसहून अधिक सरदारांसह कापून काढले. हा नीच विश्वासघात होता. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु मारल्या गेलेल्या माणसावर अन्याय झाला म्हणून त्याने केलेला अन्याय पुसला जात नाही. मानकऱ्याचा तंबू आणि काटव्याभोवतीची गावे, दोन्ही आठवणीत ठेवावी लागतात.

१७/ शेवट काय झाला? स्वाऱ्या चालूच राहिल्या. १७५१ च्या तहाने भोसल्यांना वार्षिक बारा लाख चौथाई व ओडिशाचा वसूल मिळाला. सुवर्णरेखा नदी सीमा ठरली. कागदावर हा विजयच. पण या दहा वर्षांत पश्चिम बंगालचे लोक व व्यापारी जीव मुठीत धरून भागीरथीपलीकडे आणि इंग्रजांच्या कलकत्त्याकडे पळाले. तेथे मराठ्यांच्या भीतीने खणलेल्या खंदकाचे नावच ‘मराठा डिच’ पडले. आपल्या घोड्यांच्या टापांनी इंग्रजांची वखार भरली, हे कटू असले तरी खरे आहे.

१८/ भास्कररामांचे पुतळे पाडा, असे मी म्हणत नाही. ते शूर होते, चपळ होते, धन्याशी एकनिष्ठ होते. मात्र शूर माणसाची फौज निर्दय असू शकते आणि तिचा जाब सेनापतीलाच द्यावा लागतो. हा नियम आपण अब्दालीला लावतो, मोगलांना लावतो. स्वतःला लावताना हात का थरथरतो?

१९/ काही मित्र म्हणतात, “अशाने आपलाच इतिहास बदनाम होतो.” मला उलट वाटते. रयतेच्या भाजीपाल्याची चिंता वाहणारे पत्र ज्या भाषेत लिहिले गेले, त्या भाषेला काटव्याची गावे आठवण्याचे धैर्य असलेच पाहिजे. ते पत्र आपले आणि ‘बर्गी’ही आपलेच. पहिले मिरवायचे असेल तर दुसरे नाकारता येणार नाही.

२०/ पुढच्या वेळी एखादा बंगाली मित्र त्या अंगाईचा उल्लेख करील, तेव्हा वाद घालू नका. एवढेच सांगा : हो, ते आमचेच होते, आणि ते चुकले होते. इतिहासप्रेम म्हणतात ते इथून सुरू होते.

धागा समाप्त. मतभेद जरूर मांडा, फक्त पुराव्यानिशी.