आवाज बंद करून ऐका!

घरात जुना ॲम्प्लिफायर आणायचा, असे यंदा दसऱ्याला मी जाहीर केले, तेव्हा आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, "अहो, बहिरं कोण झालंय?"

प्रश्न रास्त होता. पण कपाटात आईच्या जात्यावरच्या ओव्यांची १९८७ सालची कॅसेट होती. टेप होता, स्पीकर होते. मधला ॲम्प्लिफायर तेवढा मेला होता.

आम्ही पडलो नारायणगावच्या पंचक्रोशीतले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या तमाशाचे हे गाव. इथे कर्ण्यांना तोटा नाही. पहिल्या मांडववाल्याने आपले यंत्र सुरू करताच शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"काका, चार गावं ऐकतील!"

"बाबा रे, मला एकट्यालाच ऐकायचंय," म्हणालो आणि मंचरची एस. टी. धरली.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी कपाटातून एक जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर काढला, स्पीकर जोडले आणि काहीही न लावता आवाजाचे बटण चढवले.

"ऐका."

"काय ऐकू? काही लागलेलंच नाही!"

"तेच ऐका."

ऐकले. बारीक घूंऽऽ येत होते. घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. आतले डायोड आणि मोठे कपॅसिटर तिला सरळ करतात. वर्षानुवर्षांनी कपॅसिटर सुकले, की तो हेलकावा स्पीकरपर्यंत पोचतो. बटण फिरवताना खरखर झाली, तर ती बहुधा धूळ. साफ केली की जाते. पण गाणे नसताना स्पीकरच्या तारांवर मीटरने दोन-चार व्होल्ट सरळ वीज दाखवली, तर मात्र यंत्राला हात जोडावेत. स्पीकरची कॉइल जळते.

"मोठा आवाज कोणीही काढतो, काका," मिस्त्री म्हणाले, "गप्प कसं बसतं, ते बघायचं."

परतताना खोडदच्या दुर्बिणीची आठवण झाली. त्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. त्या लहरी इतक्या क्षीण, की तबकडीजवळच्या पहिल्या ॲम्प्लिफायरची स्वतःची कुरकूर अगदी कमी असावी लागते. कारण पुढची यंत्रे लहरींबरोबर तीही वाढवत नेतात. मिस्त्रींचा धडा तिथेही तोच!

नवे कपॅसिटर घालून आठ दिवसांनी यंत्र घरी आले. काहीही न लावता बटण चढवले. घूं गेले होते. मग कॅसेट लावली. आईचा आवाज आला, आणि त्याखाली एकसारखी घरघर. मंडळी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"पैसे गेले ना पाण्यात? यंत्र घरघरतंय!"

"यंत्र नव्हे," मी म्हणालो, "जातं आहे ते."

त्या पदराला हात पुसत तिथेच खाली बसल्या. ओवी संपली, जाते थांबले, आणि त्या शांततेत आईच्या बांगड्या वाजल्या. आजवर त्या कधी ऐकू आल्या नव्हत्या.