घरांत लांडगा पाळावा काय?

मुलुंड येथें आमचे एक जुने स्नेही राहतात. तिघे बंधू, त्यांचीं कुटुंबें, मुलेंबाळें आणि ऐशीं वर्षांच्या मातोश्री अशीं अकरा माणसें एकाच मजल्यावरील दोन जोड बिऱ्हाडांत गुण्यागोविंदानें नांदत आहेत. हल्लींच्या काळीं ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे. गेल्या महिन्यांत सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादास म्हणून आम्ही तेथें गेलों, तों प्रसाद हातीं पडण्यापूर्वींच आम्हांस पंच नेमण्यांत आलें. थोरल्या बंधूंचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहेत. त्यांनीं लांडगा व कुत्रा यांच्या संकरापासून झालेलें एक पिल्लूं विकत घेण्याचा बेत केला होता आणि विसार म्हणून कांहीं हजार रुपये पाठवूनही दिले होते. मोबाइलवर त्या पिल्लाचें चित्र सर्वांस दाखविलें जात होतें. मधले काका म्हणत होते, “हें घर आहे कीं राणीची बाग?” धाकटीं मुलें आनंदानें नाचत होतीं. मातोश्री मात्र एका बाजूस वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं नातवास एकच प्रश्न विचारला, “अरे, पण तें खाणार काय?”

सर्वजण हंसले, आणि आम्हीही हंसलों. परंतु घरीं परततांना आम्हांस वाटूं लागलें कीं साऱ्या वादाचें मर्म त्या प्रश्नांत आलें आहे. त्या दिवशीं आम्ही निकाल दिला नाहीं; महिन्याची मुदत मागून घेतली. तो निकाल आज येथें देत आहों, कारण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथील वाचकांच्या घरींही हाच प्रश्न उद्यां निघण्याचा संभव आहे.

प्रथम चिरंजीवांची बाजू मांडतों. ती अगदींच पोकळ नाहीं. ते म्हणतात, कुत्रा हा मुळांत लांडग्याचाच वंशज. दोघांचा संकर होऊं शकतो व त्या संकरासही पुढें संतति होते. युरोपांत असे संकरज कुत्रे शिस्तीनें पाळले जातात. शिक्षण नीट दिलें तर कोणतेंही जनावर सुधारतें, आणि तें बिघडलें तर दोष जनावराचा नसून धन्याचा असतो. आपल्या देशीं कुत्र्यांच्या हालांस बहुतेक वेळां धनीच कारण होतो हें आम्ही डोळ्यांनीं पाहत असल्यामुळें शेवटचें वाक्य आम्हांस सहज खोडून काढतां येत नाहीं.

तरी पण पहिलाच मुद्दा खरा असूनही फसवा आहे. कुत्रा लांडग्यापासून निघाला खरा, पण त्याला निदान पंधरा हजार वर्षें लोटलीं. संस्कृतांतील ‘वृक’ व इंग्रजींतील ‘वुल्फ’ हे शब्द एकाच मुळापासून निघाल्याचें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून कांहीं वेदशास्त्रसंपन्न मनुष्य आपोआप इंग्रजी बोलूं लागत नाहीं. मूळ एक असलें तरी मधला प्रवास विसरतां येत नाहीं.

या प्रवासांत काय घडलें हें समजण्यास ‘माणसाळणें’ आणि ‘पाळीव होणें’ या दोन शब्दांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. एखादें रानटी पिल्लूं लहानपणापासून हातावर वाढविलें तर तें माणसाळतें. पण तो गुण त्या एका जीवाबरोबर संपतो, त्याच्या पिल्लांस वारशानें मिळत नाहीं. पाळीवपणा हा रक्तांत उतरावा लागतो. रशियांत बेल्यायेव नांवाच्या शास्त्रज्ञानें १९५९ साली रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग आरंभिला. प्रत्येक पिढींतील अत्यंत सौम्य कोल्हे तेवढे निवडून त्यांचीच प्रजा वाढवावयाची, एवढाच त्याचा नियम होता. कांहीं पिढ्यांनंतर मनुष्य पाहतांच शेपूट हलविणारीं पिल्लें जन्मास येऊं लागलीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हा पालट शिकवणुकीनें झालेला नव्हता. तो निवडीनें झाला. जें काम पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीचें, तें आमचे तरुण मित्र रविवारच्या तासाभराच्या शिकवणीनें उरकूं पाहतात!

शिवाय पिल्लाचें वयही आडवें येतें. लांडग्याचें पिल्लूं दोन आठवड्यांचें होतें न होतें तोंच, डोळे नुकते उघडले असतां व कानांनीं अद्यापि नीट ऐकूं येत नसतां, केवळ वासाच्या आधारानें जग धुंडूं लागतें. कुत्र्याचें पिल्लूं चार आठवड्यांचें झाल्यावर, डोळे, कान व नाक हीं तिन्ही कामास लागल्यावर बाहेर पडतें. म्हणून कुत्र्यास मनुष्याची ओळख सहज पटते. लांडग्यास ती पटवावयाची तर त्याला दहाबारा दिवसांचें असतांनाच आईपासून वेगळें करून अहोरात्र जवळ बाळगावें लागतें. संकराचें पिल्लूं या दोहोंपैकीं कोणाच्या वळणावर जाईल हें आधीं सांगतां येत नाहीं. एकाच वेतांतील दोन भावंडेंही निरनिराळीं निपजतात.

शिकवणीविषयीं बुडापेस्ट येथील संशोधकांचा एक प्रयोग आम्हांस फार उद्बोधक वाटला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. कांहीं कुत्रीं आणि मनुष्यांनीं हातावर वाढविलेले कांहीं लांडगे यांस खाद्य मिळविण्याची एक युक्ति त्यांनीं शिकविली. मग तें खाद्य कांहीं केल्या सुटूं नये अशी अडचण करून ठेविली. कुत्रीं थोडा वेळ खटपट करून मागें वळलीं व मनुष्याच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. लांडगे मात्र आपल्याच बळावर झगडत राहिले. शिक्षण म्हणजे तरी काय? अडलें असतां शिष्यानें गुरूच्या तोंडाकडे पाहणें हीच त्याची पहिली पायरी. ती ज्याच्या स्वभावांतच नाहीं त्याला मूर्ख म्हणतां येत नाहीं. उलट लांडगा फार बुद्धिमान असतो. परंतु त्याची बुद्धि आपली आज्ञा पाळण्याकरितां घडलेली नाहीं.

आतां मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळूं. वैश्वदेवानंतर गाय, कावळा व कुत्रा यांचे घांस बाजूस काढण्याची चाल आपल्या घरांतून पूर्वीं होती, व कोठें कोठें अजून आहे. तो कुत्र्याचा घांस भाताचा किंवा पोळीचा असे, आणि कुत्रा तो आनंदानें खाई. यामागें केवळ भूक नाहीं. स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ साली दाखवून दिलें कीं पिष्टमय अन्न पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यापेक्षां कितीतरी पटींनीं अधिक असतात. अर्थात् मनुष्याच्या चुलीजवळ बसून बसून कुत्र्याचें पोटही मनुष्यासारखें झालें. लांडग्याचें तसें झालें नाहीं. महाभारतकारांनीं भीमास ‘वृकोदर’ म्हटलें तें उगाच नव्हे! ज्या प्राण्याच्या अंगीं लांडग्याचा मोठा अंश आहे त्यास रोज भरपूर मांस लागणार. कांदालसणही जपून वापरणाऱ्या त्या घरांत तें कोण आणणार, कोठें ठेवणार आणि परीक्षेच्या दिवसांत चिरंजीव अभ्यासांत गढले असतां कोण पुढें घालणार? याचें उत्तर शेवटीं घरांतील सुनांवरच येऊन पडतें हें सांगावयास नको.

बरें, पिल्लूं कायम पिल्लूं राहत नाहीं. कुत्रा बहुधा वर्षाच्या आंतच वयांत येतो; लांडगा सुमारें दोन वर्षांनीं. तोंवर सारें ठीक चाललें असें वाटतें, आणि मग एकाएकीं स्वभाव पालटूं लागतो. पंचतंत्रांतील नीळीच्या पिंपांत पडलेला कोल्हा राजा होऊन बसला होता. पण दुरून कोल्हेकुई कानीं पडतांच त्याचें सोंग गळून पडलें. त्या जोडबिऱ्हाडांत एक नात अवघी तीन वर्षांची आहे, आणि मातोश्री काठीच्या आधारानें चालतात. धांवणारें मूल व अडखळणारें म्हातारें माणूस या दोन गोष्टींनींच शिकारी प्राण्याची वृत्ति जागी होते. शिवाय अमेरिकेसारख्या देशांतही लांडग्याच्या संकरासाठीं तपासून मान्य केलेली रेबीजची लस नाहीं. टोचली तरी ती लागू पडली असें खात्रीनें धरतां येत नाहीं. आपल्या देशांत या रोगानें किती माणसें दगावतात हें वाचकांस ठाऊकच आहे.

युरोपांतील उदाहरण चिरंजीवांनीं दिलें, पण तें पुरतें वाचलेलें दिसत नाहीं. हॉलंडमध्यें सारलोस नांवाच्या गृहस्थानें १९३० नंतरच्या दशकांत जर्मन शेफर्ड व लांडगा यांचा संकर करून अधिक कणखर असा कामाचा कुत्रा निर्माण करण्याचें मनांत आणलें. फळ उलटें मिळालें. तीं जनावरें बुजरीं निघालीं, व अनोळखी माणसापासून दूर पळण्याकडेच त्यांचा कल राहिला. चेकोस्लोव्हाकियांत कारेल हार्टल यांनीं १९५५ साली सीमारक्षणासाठीं असाच प्रयोग सुरू केला. त्या जातीस जागतिक श्वानसंस्थेची कायमची मान्यता मिळावयास १९९९ साल उजाडलें. म्हणजे तज्ज्ञांच्या हातून, मोकळ्या जागेंत, चार दशकांहून अधिक काळ निवड झाली तेव्हां कोठें ती जात स्थिर झाली. आणि अजूनही तो कुत्रा नवशिक्या धन्याचा नव्हे असेंच जाणते लोक सांगतात.

आपल्याकडे जें विकलें जातें तें बहुधा याहून निराळेंच असतें. २०२५ साली बंगळूर येथील एका गृहस्थानें पन्नास कोटि रुपयांस असा संकरज कुत्रा घेतल्याची बढाई देशभर गाजली. सक्तवसुली संचालनालयाचे अधिकारी चौकशीस गेले तेव्हां तो दावाच खोटा असल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. हस्की किंवा शेफर्ड यांच्या मिश्र पिल्लास लांडग्याचें नांव देऊन किंमत वाढविणें कांहीं कठीण नाहीं. पिल्लूं खोटें असेल तर पैसे गेले. खरें असेल तर घराची शांति गेली.

कायद्याची स्थिति थोडक्यांत सांगतों. भारतीय लांडगा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टांत आहे. त्यास पकडणें वा बाळगणें हा गुन्हा होय. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारनें तेवीस जातींचे कुत्रे, त्यांत ‘वुल्फ डॉग’ही, पाळण्यास परवाने देऊं नयेत असें परिपत्रक काढलें. संबंधितांचें म्हणणें न ऐकतां तें काढल्याच्या कारणावरून कर्नाटक व दिल्ली येथील उच्च न्यायालयांनीं त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें तें रद्द ठरविलें. चिरंजीव यास आपला विजय समजतात. आमच्या समजुतीप्रमाणें न्यायालयांनीं काम करण्याची रीत चुकीची ठरविली. जनावर निरुपद्रवी असल्याचा दाखला कांहीं दिला नाहीं.

आणखी एक बाजू आहे, व ती आम्हांस सर्वांत अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या घरीं काय होईल एवढ्यापुरताच हा प्रश्न नाहीं. माळावरील लांडग्याचें काय होईल हाही आहे. साऱ्या भारतांत मिळून लांडगे सुमारें तीन हजारच उरले आहेत, म्हणजे वाघांहूनही कमी. पुणें, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या गवताळ माळांवर धनगरांच्या कळपामागून फिरणारा हा लहानखुरा प्राणी आहे. त्याचें वजन वीस किलोच्या आसपास. पुण्याजवळच्या माळावर निराळ्या रंगाचे लांडगे दिसूं लागले, तेव्हां ग्रासलँड्स ट्रस्टचे कार्यकर्ते आणि बंगळूर येथील दोन संस्थांचे शास्त्रज्ञ यांनीं जनुकांची तपासणी केली. तींत कुत्र्याच्या रक्ताची भेसळ झाल्याचें सिद्ध होऊन तें संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झालें. मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली, माळ आक्रसले, आणि वृकवंशांत संकर शिरला. असा संकर वाढत गेला तर एके दिवशीं लांडगा मारला न जातांही नाहींसा होईल. शहरांत हौसेनें घेतलेलें व आंवरेनासें झालेलें जनावर शेवटीं कोठें जातें? गांवाकडच्या शेतावर, नाहीं तर सरळ माळावर. म्हणजे ज्या प्राण्याच्या प्रेमानें तें घेतलें त्याच्याच मुळावर तें उठावयाचें.

तेव्हां आमचा निकाल असा. तें पिल्लूं घेऊं नये. विसाराची रक्कम परत मागावी, न मिळाल्यास अक्कलखातीं लिहावी. चिरंजीवांस लांडग्याची ओढ आहे ती मात्र मोडूं नये. ती चांगली आहे. त्यांनीं सोलापुराजवळ नान्नजच्या माळरानावर जावें, दुर्बीण घेऊन पहांटे बसावें आणि मोकळा लांडगा डोळे भरून पाहावा. आणि घरांत कुत्रा पाहिजेच असेल तर सर्व अकरा जणांचें मत घेऊन, मातोश्रींचें प्रथम घेऊन, एखादें गांवठी पिल्लूं आणावें. त्यास लस टोचावी, नियमानें फिरवावें, आणि मुलुंडचें घर राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीस असल्यामुळें रात्रीं बाहेर मोकळें ठेवूं नये. तेथील बिबट्याच्या आहारांत कुत्र्यांचा वांटा मोठा आहे.

हा निकाल आम्ही गेल्या आठवड्यांत पत्रानें कळविला. चिरंजीवांचें उत्तर आलें तें थोडें रुसलेलें आहे, पण नान्नजला जाण्याचा मार्ग त्यांनीं विचारला आहे. विसाराचे पैसे अद्यापि परत आलेले नाहींत, व विक्रेता फोन उचलीत नाहीं. मातोश्रींनीं खालीं दोन ओळी स्वहस्तें लिहिल्या आहेत : इमारतीच्या फाटकाशीं एका कुत्रीस पिल्लें झालीं असून त्यांतील एक दूधपोळी खातें. वाचकांपैकीं कोणाचा अनुभव आमच्याहून निराळा असल्यास त्यांनीं तो अवश्य कळवावा. पुढील अंकीं त्याचा सादर विचार करूं.