वावड्या आणि वास्तव

युरोपीय फुटबॉलमध्ये खेळाडूंची खरेदी-विक्री साधारणतः वर्षातून दोनदा, म्हणजे ‘ट्रान्सफर विंडो’ या ठरावीक नोंदणीकाळात होते. तिच्याविषयीच्या वावड्या मात्र बारमाही असतात, आणि युरोपात नशीब अजमावणाऱ्या तरुण अमेरिकी खेळाडूंबाबत अमेरिकेतील चाहते त्या विशेष चवीने चघळतात. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूला सहसा परदेशी क्लबकडे जाता येत नाही. परंतु आजोबांमुळे क्रोएशियाचे नागरिकत्व लाभलेला अमेरिकी खेळाडू ख्रिश्चन पुलिसिक युरोपीय संघातील अपवादात बसला, १७व्या वर्षी डॉर्टमुंडकडून बुंडेसलिगात उतरला आणि २०१९ मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी सुमारे ६.४ कोटी युरो मोजले. अशा रकमांच्या गदारोळात खेळाडूला मैदानावर प्रत्यक्ष किती वेळ मिळतो, हा कळीचा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत अंकातील लेख त्याचाच मागोवा घेतात.