निधी हवा, तर नोंद हवी

रत्नागिरी शहरालगतच्या मिऱ्या येथील धूपप्रतिबंधक बंधारा हा गेली अनेक वर्षे पावसाळ्याच्या तोंडी चर्चेचा आणि पावसाळ्यानंतर दुरुस्तीचा विषय होत आला आहे. समुद्राने दगड ओढून न्यावेत, शासनाने पुन्हा टाकावेत आणि किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी मधल्या काळात जीव मुठीत धरून राहावे, हा क्रम येथे कोणाला नवा नाही. परंतु हाच प्रश्न एखाद्या सबंध राष्ट्रापुढे उभा राहिला तर त्याने काय करावे? आणि त्या राष्ट्राला आपण कोणता सल्ला द्यावा?

हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका परका नाही. १८३४ पासून हिंदी मजुरांना करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे नेण्यास आरंभ झाला. त्यांत जी मराठी कुटुंबे गेली, त्यांतील पुष्कळशी रत्नागिरी व सावंतवाडी या भागांतली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सवात झाकरी नाचतात. त्या देशाची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. रत्नागिरी जिल्ह्याची २०११च्या जनगणनेनुसार १६ लाख १५ हजार. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याहून लहान असलेले हे राष्ट्र आज चढत्या समुद्राशी आणि वादळांशी एकाकी झुंजत आहे. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुई या राजधानीत अकस्मात आलेल्या पुराने ११ बळी घेतले. जानेवारी २०२४ मधील ‘बेलाल’ चक्रीवादळात तीच राजधानी पुन्हा पाण्याखाली गेली.

पैसा नाही असे म्हणावे, तर आकडे डोळे दिपवणारे आहेत. श्रीमंत राष्ट्रांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले. २०२० पर्यंत पुरे व्हावयाचे हे वचन २०२२ मध्ये प्रथमच पाळले गेले. २०२४ च्या बाकू परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा ठरला, तेव्हा तो अपुरा असल्याचे भारताने तेथेच ठणकावून सांगितले. शिवाय २०२२ मध्ये दिल्या गेलेल्या सरकारी पैशापैकी दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम कर्जाऊ होती. ज्याने आग लावली त्याने विझवण्यासाठी पाणी द्यावे आणि त्या पाण्यावर व्याजही घ्यावे, असाच हा व्यवहार आहे.

तेव्हा बेटाला द्यावयाचा पहिला सल्ला हा की, कर्ज आणि अनुदान यांतील भेद कधीही दृष्टीआड होऊ देऊ नये. मॉरिशसची अडचण याबाबतीत बोलकी आहे. जागतिक बँकेने २०२० मध्ये या देशाला उच्च उत्पन्नाच्या गटात बसविले. त्याच वर्षी कोविडने पर्यटन ठप्प झाले आणि पुढील वर्षी तो पुन्हा खालच्या गटात आला. दरडोई उत्पन्न पाहून सवलतीचा पैसा द्यावयाचा, पण एका वादळात ते उत्पन्न किती उरेल हे पाहावयाचे नाही, ही रीत चुकीची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्राची असुरक्षितता मोजणारा एक निर्देशांक स्वीकारला. तो धनको संस्थांनी प्रत्यक्ष वापरावा, हा आग्रह सर्व बेटांनी एकमुखाने धरला पाहिजे.

दुसरा सल्ला स्वतःच्या संस्थेचा. दक्षिण कोरियातील सोंगडो येथून चालणाऱ्या हरित हवामान निधीकडे कोणालाही थेट अर्ज करता येत नाही. निधीने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फतच प्रस्ताव जावा लागतो, आणि त्याला त्या देशाच्या नियुक्त अधिकाऱ्याची ना-हरकत लागते. स्वतःची मान्य संस्था नसली की मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हात धरावा लागतो. माँ-श्वाझी, रिव्हिएर दे गाले आदी ठिकाणांच्या किनारासंरक्षणासाठी मॉरिशसला २०११ मध्ये अनुकूलन निधीतून सुमारे ९१ लाख डॉलर मिळाले, ते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत. याउलट, वीस हजारांहूनही कमी वस्तीच्या कुक बेटांनी आपल्या अर्थखात्यालाच २०१८ मध्ये हरित निधीची मान्यता मिळवून दिली. लहानपण ही सबब होऊ शकत नाही.

तिसरा सल्ला सर्वांत साधा आणि सर्वांत कठीण आहे. निधी विचारतो, हे नुकसान बदललेल्या हवामानामुळे झाले की नेहमीच्या हलाखीमुळे? याचे उत्तर अश्रूंनी देता येत नाही. तेथे वर्षानुवर्षांच्या पावसाच्या, भरती-ओहोटीच्या आणि किनारारेषेच्या नोंदी लागतात. राष्ट्रकुल संघटनेने मॉरिशसमध्येच एक केंद्र उघडून लहान देशांच्या मंत्रालयांत हवामान-निधीचे सल्लागार बसविले आहेत. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र सल्लागार परत गेल्यावर प्रस्ताव लिहू शकणारी माणसे मागे उरली नाहीत, तर तो देश पुन्हा पहिल्याच पायरीवर येईल.

पीडितानेच पुरावे गोळा करीत फिरावे, यात अन्याय आहे हे कबूल केले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचा अभिप्राय दिला, तोही वानुआतू या चिमुकल्या बेटराष्ट्राने धरलेल्या आग्रहातून. परंतु न्यायाची मागणी करणाऱ्यालाही दप्तर लागतेच.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी हरित निधीने २०१८ मध्ये ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. त्यातील कांदळवनांच्या व किनारी उपजीविकांच्या कामात रत्नागिरी जिल्हाही आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘नाबार्ड’ला या निधीची मान्यता २०१५ मध्येच मिळालेली आहे. वाट आहे, त्या वाटेने आपल्या गावाची गाऱ्हाणी नेण्याजोगे कागद आपल्यापाशी आहेत काय? ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या; २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. दोन्ही वेळी पंचनामे झाले. मदतवाटप आटोपले की असे पंचनामे दप्तरात बांधले जातात. वस्तुतः तोच आपला पुरावा आहे. तो गाववार जुळवून, सर्वांना पाहता येईल असा ठेवला गेला पाहिजे.

यासाठी फार मोठी यंत्रणा नको. किनाऱ्यावरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेने पर्जन्यमापक ठेवावा, ठरलेल्या खुणेपासून भरतीची रेषा दरमहा मोजावी. ग्रामपंचायतीच्या लेखनिकाने ती नोंद वहीत घ्यावी. महाविद्यालयाने वर्षाअखेर ती तपासावी. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या आवाक्यातले हे काम आहे. मॉरिशसला जो सल्ला आपण देऊ, तो आधी आपल्या किनाऱ्यावर आचरून दाखवू. बंधाऱ्याचे दगड समुद्र नेईलही. किनारा कोठवर होता हे सांगणारी वही मात्र आपल्या हाती राहिली पाहिजे.